हेल्मीची जागा

माझ्या आईने मरताना क्रॅनबेरीची जागा मला सांगितली नाही, सुनेला सांगितली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझं बोलणं कुठे कडू लागलं तर का लागलं ते कळेल. पोटची पोरगी मी, उशाशी बसलेली मी, आणि आई मला काय म्हणाली? "एर्ना, जरा कॉफी टाक." मी कॉफी घेऊन येईपर्यंत सगळं हेल्मीच्या कानात गेलं होतं. मागाहून माझा भाऊ म्हणाला, "रागावू नकोस गं. आई म्हणाली, एर्नाच्या तोंडात तीळ भिजत नाही."

आता मला सांगा, हे काय मरताना बोलायचं असतं?

आमच्या कोइवला गावात प्रत्येक घराची दलदलीत एक जागा असते. तिला कुंपण नाही, पाटी नाही, आणि ती कुणाच्या मालकीचीही नाही. पण शरद आला की जो तो आपापल्या जागी क्रॅनबेरीची आंबट लाल फळं वेचायला जातो आणि ती जागा कुठे आहे हे मेला तरी सांगत नाही. घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवू, नवऱ्याची भानगड बाजारात सांगू, पण जागा नाही. जागा घरातल्या एकाच माणसाला कळते, आणि ते माणूस म्हातारं झालं की पुढच्या एकाला सांगतं. मला लग्नानंतर सासरची जागा मिळाली. कसली जागा? कुबड्या पाईनच्या सावलीतला एक तुकडा, वेलींवर मुलाच्या जावळासारखी विरळ फळं. आणि इकडे आमच्या आईची जागा, जिथल्या क्रॅनबेऱ्या चेरीएवढ्या आणि रंगाने काळ्याकडे झुकणाऱ्या, ती गेली बेटावरून आलेल्या पोरीला.

हेल्मी सारेमा बेटावरची. समुद्राकाठी वाढलेली, दलदल कधी पाहिलेलीही नाही. माझ्या भावाने तिला आणलं तेव्हा गावात बायका म्हणाल्या, "ही पहिल्याच वर्षी बुडेल." ती बुडाली नाही. सामूहिक शेतीच्या दिवसांत डेअरीत दूध तपासायला लागली, भाऊ गेल्यावर एकटीने घर चालवलं, आणि बोलणं तेवढं कमी कमी करत नेलं. दहा शब्दांच्या कामाला ती दोन वापरते. उरलेले आठ मी वापरते, असं गाव म्हणतं. गावातली पोरंसोरं तिला हेल्मीतादी म्हणतात, मावशी म्हणावं तसं, आणि तिच्या वाटेला जात नाहीत.

जागेच्या बाबतीत तर ती ताकास तूर लागू देईल तर शपथ! निघताना अळंब्यांची टोपली घ्यायची आणि चर्चच्या बाजूला चालू लागायचं, जणू अळंबी वेचायला निघाली. वाटेत दोनचार अळंब्यांचे देठ टाकायचे, म्हणजे मागून येणाऱ्याला खात्री पटावी. मग जंगलातून वळसा घालून दलदलीत. बादली कुठे लपवलेली असायची देव जाणे. दुपारी परतायची ती भरलेली बादली घेऊन, आणि येताना मुद्दाम माझ्या अंगणावरून.

एकदा मी तिच्या मागे गेले. खोटं कशाला बोलू? सकाळचं धुकं होतं, मला वाटलं, हीच संधी. तिचा निळा रुमाल पुढे दिसत होता, मी पाईनच्या आडून आडून चालले होते. मग रुमाल दिसेनासा झाला. मी पाय उचलला आणि हिरव्या शेवाळावर ठेवला, आणि ते शेवाळ म्हणजे नुसतं पाण्यावरचं झाकण होतं. कमरेपर्यंत आत गेले. ओरडावं तर अब्रू जाते, न ओरडावं तर मी जाते. तेवढ्यात मागून काठी पुढे आली. हेल्मी! ही बया माझ्या मागे कधी आली?

"काय गं एर्ना, इकडे कुठे?"

"फिरायला आले होते."

"हवा छान आहे," ती म्हणाली, आणि मला ओढून काढलं. एक गमबूट तिथेच राहिला. घरापर्यंत मी एका पायाने उड्या मारत आले. दुसऱ्या दिवशी दारात माझा गमबूट, धुऊन पुसून, आणि त्यात वाटीभर क्रॅनबेऱ्या. अशी ही बाई. हिच्यावर रागावावं तरी कसं, आणि न रागावावं तरी कसं?

तर मुद्द्याचं सांगते.

दलदलीच्या उत्तरेला पीट काढतात. शेकडो वर्षं दबून काळं झालेलं शेवाळ ते. वाळवून पोत्यांत भरतात, आणि दूरदेशी कुणाच्या तरी कुंडीत जातं. तिथून आमच्या बाजूला एक जुना चर येतो, सामूहिक शेतीच्या काळात पाणी उतरवायला खणलेला. तो कधीच गाळाने भरून गेला होता, बीव्हर प्राण्यांनी फांद्यांचे बांध घातले होते, आम्ही त्याला विसरलोही होतो. मग पीटवाल्या कंपनीने तो साफ केला, खोल केला. आम्हाला काय त्याचं? पीट त्यांचं, क्रॅनबेरी आमची.

त्यानंतर काही वर्षांनी एका जूनमध्ये दलदल गुलाबी झाली. खरंच गुलाबी! क्रॅनबेरीच्या वेलींचे शेंडे फुगले, जाड झाले, फुलांसारखे दिसायला लागले. मी माझ्या जागी उभी राहून टाळ्या वाजवल्या. काय बहर! दुकानात काल्यु भेटला. काल्यु म्हणजे आमचा ट्रॅक्टरवाला, आता म्हातारा, पण छाती अजून बाहेर. तो म्हणाला, "यंदा माझ्याकडे बादल्या कमी पडणार." मी म्हणाले, "माझ्याकडे तर पिंप लागेल." हेल्मी मीठ घेत होती. ती नुसती हसली. आम्ही सगळेच त्या उन्हाळ्यात गालातल्या गालात हसत होतो.

त्याच उन्हाळ्यात पिरेत आली. तार्तूच्या विद्यापीठातली, झाडांच्या बुरशींचा अभ्यास करणारी, सायकलवरून फिरणारी मुलगी. दारोदार जाऊन विचारायची, "एर्नातादी, तुमच्या क्रॅनबेरीचे शेंडे गुलाबी झालेत का? शेवाळात कुठे पांढरट चट्टे दिसले का, मधोमध छोट्या करड्या अळंब्या असलेले?"

"नाही बाई," मी म्हणाले. "आमचं सगळं ठणठणीत."

"मला एकदा बघायला न्याल का?"

घ्या! मी म्हणाले, "कॉफी घे, केक घे, पण हे विचारू नकोस." ती हसली आणि खरंच दोन तुकडे केक खाल्ला. मुलगी चांगली. पण जागा म्हणजे जागा.

शरद आला, पहिलं दव गोठलं, आणि मी बादली घेऊन निघाले. वेलींवर फळं होती, पण लाल होईनात. पिवळट, डागाळलेली, कडक. एक दाताने फोडलं आणि थुंकले. आत पांढरा कापूस! बियांच्या जागी नुसता कापूस. दुसरं फोडलं, तेच. तिसरं, तेच. आजूबाजूचं शेवाळ बघितलं तर तेही वाळून पांढरं, त्यात त्या करड्या अळंब्या उभ्या. मी मटकन खाली बसले. वाटलं, सासूने वरून शाप दिला की काय, कारण मी तिच्या जागेला नेहमी नावं ठेवायचे.

कुणाला सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. "एर्नाची जागा किडली" असं गावात झालं तर वर्षभर तोंड काढायला नको. आणि क्रॅनबेऱ्यांशिवाय घर कसं चालेल? कोबी आंबवताना त्यात घालायचं काय? म्हणून मी बस पकडली आणि थेट प्यार्नूच्या बाजारात गेले. लांब पडतं, पण तिथे आपल्याला कोण ओळखतंय?

एका म्हातारीकडे चांगला माल होता. मी बादली पुढे केली, म्हणाले, "भर." तेवढ्यात पलीकडून आणखी एक बादली पुढे आली. वर पाहते तर काल्यु!

"तू?" तो म्हणाला.

"भाचीला पाहिजे होत्या," मी म्हणाले. "आणि तू?"

"मलाही. म्हणजे, माझ्या भाचीला."

"तुला भाची कुठली रे? तू एकुलता एक."

तो लालबुंद झाला. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "तुम्ही त्याच गावचे का हो, त्या निळ्या रुमालवाल्या बाईच्या? त्या मागच्या वर्षीपासून येतात. त्या बघा, तिथे." आणि खांबामागे, भरलेली बादली पदराआड दडवावी तशी कोटाआड दडवून, हेल्मी.

मागच्या वर्षीपासून! म्हणजे गेल्या शरदात माझ्या अंगणावरून मिरवत नेलेली बादली प्यार्नूची होती! मला इतका आनंद झाला म्हणता, कोकिळेने पहिल्यांदा आवाज दिल्यासारखा. "हेल्मी!" मी ओरडले. "तू सुद्धा?"

"भाव बघत होते," ती म्हणाली.

आम्ही तिघं एकाच बसने परत आलो. तिघं तीन बाकांवर बसलो, प्रत्येकाच्या मांडीवर बादली, आणि एकमेकांकडे न बघता खिडकीबाहेर बघत. अळीमिळी गुपचिळी. कोइवल्याच्या आधीच्या थांब्यावर काल्यु उतरला, म्हणजे गावाला तो दुसरीकडून आल्यासारखा दिसावा.

शनिवारी मी नेहमीसारखी हेल्मीकडे सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीला गेले. भाऊ गेल्यापासून शनिवारी आम्ही दोघीच. वाफेत माणूस नागडं असतं, खोटं बोलायला खिसा नसतो. हेल्मीने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं आणि म्हणाली, "माझी गेली."

"काय गेली?"

"आईची जागा. गेल्या वर्षी निम्मी पांढरी होती. यंदा सगळी. शेवाळ सुद्धा." मग तिने दगडांवर आणखी पाणी ओतलं. "तुझी?"

मी "छे" म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तिचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "माझीही. आतून कापूस."

"काल्युची पण असणार," ती म्हणाली. "आणि बाकीच्यांची. पुढच्या आठवड्यात त्या चराची सभा आहे. कंपनीला तो आणखी आत आणायचाय, आपल्या बाजूला. पिरेत परवा दारात आली होती. म्हणाली, तिला रोग सापडलाय तो फक्त लाकडी पुलाजवळच्या दोन जागांवर. दोन जागांवर कुणी ऐकत नाही. जिल्ह्याचे साहेब म्हणतात, रोग काय, येतो आणि जातो."

"मग?"

"मग चर आत येईल. आणि जे उरलंय तेही जाईल." तिने डोकं गुडघ्यांवर टेकलं. हेल्मीला मी भावाच्या प्रेतापाशीही असं पाहिलं नव्हतं. "आईने मला जागा सांभाळायला दिली होती, एर्ना. मी गुपित सांभाळत बसले आणि जागा मरून गेली."

मी तिचा हात धरला. मग, आता स्वभावाला औषध नाही, मी म्हणाले, "मला सांग ना. कुठे आहे?"

"तुला एकटीला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली, आणि सौनात अंग झोडायला असतो तो बर्चच्या फांद्यांचा जुडगा माझ्या पाठीवर असा हाणला की मी किंचाळले.

सभा गावच्या सभाघरात होती. मी वेलचीचा वेटोळ्याचा पाव केला होता, कारण सरकारी माणूस असो की मयत असो, रिकाम्या टेबलाशी कोइवला बसत नाही. जिल्ह्याचे साहेब आले होते, चष्मेवाले, सभ्य माणूस. कंपनीचा एक तरुण होता. पिरेतने दलदलीचा मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर कॉफीचे कप ठेवले. तिने समजावून सांगितलं, आणि छान सांगितलं. या बुरशी नवीन नाहीत, दलदलीत कायमच्याच आहेत, थोड्या इथे, थोड्या तिथे. पण दलदलीच्या झाडांना उपाशी राहायची सवय असते. पाणी उतरलं की पीटला हवा लागते, त्यातलं खत सुटतं, आणि ही झाडं फुगतात, मऊ पडतात. मग बुरशीला फावतं. "म्हणून रोग कुठे आहे ते बघायचं," ती म्हणाली. "तो चराच्या कडेने असेल तर चर बोलतोय. सगळीकडे विखुरलेला असेल तर माझं चुकलं."

साहेब म्हणाले, "तुमचं म्हणणं मला पटतंय, पण दोन जागांवर मी काय लिहू? गावकऱ्यांची तर एकही तक्रार नाही." त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "कुणाला काही सांगायचंय?"

खोली भरलेली होती. सगळे आपापल्या कपात बघायला लागले. काल्यु छताकडे बघत होता, जणू तिथे क्रॅनबेऱ्या लागल्यात. मला माहीत होतं, निम्म्यांच्या घरात प्यार्नूच्या बादल्या आहेत, पण माझी जीभ टाळूला चिकटली. ज्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात ती मी, गप्प!

"बरं," साहेब म्हणाले, आणि पेन उचललं.

तेव्हा हेल्मी उठली. कोटाच्या खिशातून एक पांढरट क्रॅनबेरी काढली, टेबलाशी गेली. नकाशावर वाकली. जुन्या वीजवाहिनीच्या पलीकडे, छोट्या काळ्या तळ्याच्या उजवीकडे तिने ती क्रॅनबेरी ठेवली आणि बोट तिथेच ठेवलं.

"ही माझी जागा," ती म्हणाली. "माझ्या सासूची, आणि तिच्या आईची. आता आतून कापूस आहे."

एवढंच. दोन शब्दांच्या बाईने गावासमोर जागा सांगितली! मागे कुणाचा तरी कप खाली पडला. आणि मी? माझ्या आईची जागा मला शेवटी कळली ती साहेब, कंपनीवाला आणि अख्खं गाव यांच्याबरोबर! राग आला, रडू आलं, आणि तिच्याबद्दल असा अभिमान वाटला की छाती फुटते की काय. मी उठले. "माझी इथे," म्हणाले, आणि माझी क्रॅनबेरी ठेवली. हो, मीही खिशात आणली होती. का आणली होती ते मलाही ठाऊक नव्हतं.

काल्यु खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळला, मग उठला. नकाशावर पुष्कळ वेळ पाहिलं. आणि त्याने आपली क्रॅनबेरी ठेवली ती माझ्या क्रॅनबेरीला चिकटून.

"अरे, ती माझी जागा आहे!" मी म्हणाले.

"तुझी कसली? वडिलांपासून आमची आहे. कुबड्या पाईनच्या खाली."

"म्हणूनच फळं विरळ होती! मेल्या, तू माझ्या आधी येऊन वेचायचास!"

"मी बुधवारी जायचो. तू?"

"शुक्रवारी!"

"मी सोमवारी," मागून दुकानदारीण म्हणाली आणि तिसरी क्रॅनबेरी तिथेच ठेवली.

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळी खोली. साहेब हसले, कंपनीचा तरुणही हसला. माणसं उठली, खिसे चाचपायला लागली. ज्यांच्याकडे नव्हत्या ते म्हणाले, घरून आणतो. ज्यांच्या जागा चांगल्या होत्या त्यांनी लाल ठेवल्या. एकमेकांना चिमटे काढत, "अरे लबाडा, म्हणून तू तिकडून यायचास होय!" असं म्हणत टेबलाभोवती गर्दी झाली. पिढ्यान् पिढ्यांची गुपितं त्या नकाशावर सांडली आणि कुणी मेलं नाही.

पिरेत मागे सरकून उभी राहिली. तिने तोंडावर हात ठेवला होता. मग ती म्हणाली, "जरा सगळे बाजूला व्हा ना."

आम्ही बाजूला झालो, आणि आम्हाला दिसलं. लाल क्रॅनबेऱ्या दक्षिणेला, तळ्यांच्या आसपास, इथे तिथे. आणि पांढऱ्या? पांढऱ्या एका ओळीत. उत्तरेपासून खाली येणारी सरळ रांग, दोन्ही बाजूंनी, चराला धरून. नकाशावर चराची रेघ पुसटशी होती, पण आता ती कुणी सांगायला नको होती. हेल्मीची क्रॅनबेरी रांगेच्या अगदी टोकाला होती. त्याच्या पुढे चर नव्हता, पांढरंही नव्हतं.

मग काल्यु म्हणाला, "तो चर मी खणलाय. सामूहिक शेतीत, माझ्या मशीनने. त्याबद्दल मला मानाचा बिल्ला मिळाला होता." त्याने टोपी काढली. "साहेब, लिहा. ज्याने खणला तोच सांगतोय, बुजवा म्हणून."

साहेबांनी पेन खाली ठेवलं, खिशातून फोन काढला, खुर्चीवर चढले आणि वरून त्या टेबलाचा फोटो घेतला. खाली उतरून म्हणाले, "इतका स्पष्ट पुरावा मी माझ्या नोकरीत पाहिला नाही." मग त्यांनी वेलचीचा पाव मागितला. मी त्यांना कडेचा तुकडा दिला, तो सगळ्यात चांगला असतो.

पुढे तपासणी झाली, पिरेतने प्रत्येक जागी जाऊन नमुने घेतले, आणि आम्ही तिला आपणहून नेलं. चर आत आणायची परवानगी नाकारली गेली. नुसती नाकारली नाही, आमच्या बाजूचा चर बुजवायचा हुकूम आला. बुजवायला मशीन कुणाचं? काल्युचं. म्हातारा सिंहासनावर बसल्यासारखा बसला होता, आणि सगळं गाव काठावर उभं राहून ओरडत होतं, "डावीकडे! अरे आंधळ्या, डावीकडे!" पहिला बांध बसला आणि पाणी थांबलं, गोल फिरलं आणि मागे सरकायला लागलं, तेव्हा आम्ही अशा आरोळ्या ठोकल्या की करकोच्यांचा थवाच्या थवा उठला. मी काल्युला मिठी मारली. हे त्याला आवडलं की नाही माहीत नाही, तो तसाच खांबासारखा उभा राहिला.

दलदलीला घाई नसते. पहिल्या वर्षी नुसतं पाणी चढलं. दुसऱ्या वर्षी पांढऱ्या चट्ट्यांच्या कडेने हिरवं शेवाळ आत सरकायला लागलं. गुलाबी शेंडे कमी झाले. पिरेत यायची, वाकून वाकून बघायची, आणि परत जाताना शीळ घालायची.

तिसऱ्या शरदात, दव गोठल्यावर, मी हेल्मीकडे गेले. "चल."

"कुठे?"

"तुझ्या जागी."

"माझी कुठली? आता सगळ्या गावाची आहे. ठाऊक झाल्यावर कोण ठेवतं? ओरबाडून नेलं असेल." ती गुडघे चोळत बसली होती. त्या सभेनंतर ती तिकडे एकदाही गेली नव्हती, पिरेतलाही तिच्या जागी मीच नेलं होतं. "आणि पाणी चढलंय. या गुडघ्यांनी जमायचं नाही."

"मग बसून राहा. मी जाते. रस्ता आता मलाही ठाऊक आहे."

हे बरोबर लागलं. ती उठली, निळा रुमाल बांधला, सवयीने फणी-बादली उचलली आणि काठी घेतली.

वीजवाहिनीच्या पलीकडे, जिथून ओली जमीन सुरू होते, तिथे हेल्मी थांबली. शेवाळावर बर्चचे ओंडके टाकलेले होते, जोडीजोडीने, सरळ आतपर्यंत. गाठी तासलेल्या, पाय घसरू नये म्हणून वर खाचा पाडलेल्या. सगळ्यात मऊ जागी एका बाजूला हाताने धरायला दांडी होती.

"हे कुणी केलं?"

मी खांदे उडवले. आम्ही चालत गेलो, ती पुढे, मी मागे. काळं तळं आलं. त्याच्या उजवीकडे ओंडके संपत होते.

आणि पुढे लाल! म्हातारीच्या लुगड्यासारखं नव्हे, नवरीच्या शालूसारखं लाल. चेरीएवढ्या क्रॅनबेऱ्या, काळ्याकडे झुकलेल्या, हिरव्या ओल्या शेवाळावर अशा पसरल्या होत्या की पाऊल कुठे ठेवावं कळेना. इथलं ओलं शेवाळ पाऊल विसरत नाही, आठवडाभर ठसा धरून ठेवतं. ओंडक्यांच्या टोकापर्यंत बुटांचे ठसेच ठसे होते. त्याच्या पुढे एकही नव्हता. माणसं इथवर आली होती, ओझी वाहत आली होती, हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि एका फळालाही हात लावला नव्हता.

हेल्मी काठीवर भार देऊन वाकली. मग एक क्रॅनबेरी तोडली, दाताने फोडली. आत लाल, रसाळ, चार बिया. तिने ती मला दाखवली. मला नीट दिसेना, कारण मी रडत होते.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"वसंतापासून. काल्युने ओंडके तासले, गेल्या आठवड्यात दुकानदारीण आणि मी वाहिले. माझी पाठ अजून दुखतेय."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? एवढे महिने? शनिवारी सौनात सुद्धा नाही?"

"नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली. हेल्मी मोठ्याने हसते हे मला त्या दिवशी कळलं. "आई असायला हवी होती," ती म्हणाली. "तिला सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतंस?"

"की एर्नाच्या तोंडात तीळ भिजला." आणि तिने वेचायची फणी माझ्या हातात दिली, आपल्या हातातली, आईची होती ती, आणि बादली माझ्या पुढ्यात सरकवली.

"वाक आता," ती म्हणाली. "रिकामी बादली नेलीस तर गाव म्हणेल, एर्नाला जागा सापडली नाही."